फाटकाला कुलूप

आईला न्यायला दादा आणि ताई आले, आणि आल्या आल्या दादाने गळ्यातला मफलर काढून वळूच्या वीर्यावर टांगला.

त्याचा दोष नव्हता. दाराशेजारी कमरेएवढी ॲल्युमिनियमची टाकी, तिला वर झाकण आणि बाजूला दोन कान. शहरातून येणाऱ्या कुणालाही ती छत्र्या ठेवायची वाटली असती. आत नायट्रोजनच्या गारठ्यात चांगल्या जातीच्या वळूंचा माल नळ्यांमध्ये भरून ठेवलेला होता, कारण धाकट्याची बायको जनावरांची डॉक्टर होती आणि तिच्या दवाखान्याची इमारत सरकारने अजून कागदावरून जमिनीवर आणली नव्हती. डॉक्टरणीने मफलर उचलून खुर्चीवर टाकला.

"काय आहे त्याच्यात?" ताईने विचारलं.

"बैल," डॉक्टरीण म्हणाली.

"एवढ्याशात?"

"थोडे थोडे."

ताईने दादाकडे पाहिलं. आईला इथे गरजेपेक्षा एक दिवस जास्त ठेवायचं नाही, हे दोघांनी घाट चढतानाच ठरवलं होतं. आता त्याच्यावर शिक्काच बसला.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याने ह्या राज्यात राहायला जायचं जाहीर केलं, तेव्हा घरात जे काही घडायचं ते घडून गेलं होतं. नकाशात हे राज्य हातभर आणि वस्ती चिमूटभर. खडक, वारा आणि मेंढ्या, ह्या क्रमाने. शहरात पॉमेरेनियनांची नखं कापून कापून वैतागलेल्या डॉक्टरणीला इथे नेमणूक मिळाली, आणि तिच्यामागोमाग नवरा आला. नवरा लिफ्ट मेकॅनिक. ज्या मुलखात दुसरा मजला कुणी बांधलेलाच नाही तिथे लिफ्ट मेकॅनिकने काय माशा मारायच्या, असं दादाने तेव्हा विचारलं होतं आणि बोलणं होईल तेव्हा पुन्हा विचारायचा. धाकटा विहिरींचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करत होता. काहीतरी वर-खाली होतंय तोवर माझं चालेल, म्हणायचा. आणि आई "महिनाभर येते, घर लावून देते" म्हणून आली, ती घर लागलंच नाही म्हणून राहिली.

इथे घर लागत नसतंच. एक वस्तू जागेवर ठेवली की वारा दुसरी हलवतो. पंपाने पाणी टाकीत चढवा, लाकडं फोडा, सामान महिन्याचं एकदम आणा. मीठ विसरलं तर शेजाऱ्याकडे मागा, आणि शेजारी म्हणजे जीप काढून जावं लागेल इतका लांबचा. फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याला चिकटून लशी. मोबाइलला रेंज फक्त वर खिंडीत, तीसुद्धा एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर. म्हणून प्रत्येक घरात, आणि डॉक्टरणीच्या जीपमध्येही, वायरलेसचा सेट होता. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपण जिवंत असल्याचं त्यावर कळवायचं, असा इथला रिवाज.

आई आली तेव्हा हा रिवाज म्हणजे नुसता बाजार होता. सगळे एकदम बोलायचे, कुणाचं कुणाला कळायचं नाही. आईने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात काढलेली. तिने काही दिवस ते ऐकून घेतलं आणि मग एका संध्याकाळी बटण दाबून म्हणाली, "सगळे गप्प बसा. मी एकेकाला हाक मारीन, तेव्हाच बोलायचं." तेव्हापासून हजेरी तीच घेत होती. हा सगळा प्रकार दादा आणि ताईला पत्रातून कळवलेला होता, आणि त्यांनी तो 'आईचा वेळ छान जातो' ह्या खात्यात टाकून दिला होता.

मग आईचं मनगट मोडलं. अंगणात घसरली, असा धाकट्याचा निरोप पोचला तेव्हा प्लास्टर काढायचे दिवस आले होते. दादाने गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी पाचही जणं बसली. उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे आणि चहा. धाकट्याला स्वयंपाकातलं उकळणं तेवढं येत होतं.

"बाथरूममध्ये कोकरू आहे," ताई म्हणाली. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. तिचं साधं वाक्यसुद्धा खुलासा मागितल्यासारखं निघायचं.

"आहे," डॉक्टरीण म्हणाली. "त्याला थंडी सोसत नाही."

"मलाही सोसत नाही."

"मग तुम्हीपण बसा त्याच्याजवळ. तिथे शेगडी आहे."

"मुद्द्यावर येऊ या का?" दादा म्हणाला. तो त्याच्या सोसायटीचा इतकी वर्षं सेक्रेटरी होता की लोक त्याला तोंडावर सेक्रेटरी म्हणायचे आणि पाठीमागे आणखी काहीतरी. "आईचं वय बघा. रस्ता बघा. काल माझ्या गाडीचा सायलेन्सर कुठे गेला ते मला अजून माहीत नाही. उद्या हिला काही झालं तर डॉक्टर कुठला आणायचा?"

"डॉक्टर आहे की घरात," आई म्हणाली.

"माणसांचा गं!"

"मनगट हिनेच बसवलं. माणसांचा डॉक्टर येईपर्यंत तसंच ठेवते का? गाईसारखंच असतं म्हणाली, फक्त बारीक."

ताईने डोळे मिटून घेतले. डॉक्टरीण अंडं सोलत राहिली. तिच्या तोंडावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि ताईने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. सासूचं ओझं उतरतंय तर हिला हवंच आहे. दोन वर्षांत ह्या दोघी भांडल्या नाहीत असा विषय नव्हता. पडद्यांवरून, साबणावरून, सिरिंजा उकळायच्या पातेल्यात चहा करण्यावरून.

"तू बोल ना," दादा धाकट्याला म्हणाला.

धाकटा बटाट्याकडे बघत होता. ह्या घरात आईला सगळ्यात जास्त घाबरून कोण असेल तर तो. तिच्या ओरडण्याला नाही, तिच्या पडण्याला. त्या दिवशी तो पंपाच्या कामावरून परतला तेव्हा अंगणात दिवे लागलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि माणसांच्या मधोमध आई जमिनीवर. ती हसत होती म्हणून बरं. तेव्हापासून बाहेर पाना जरी पडला तरी तो धावत अंगणात जायचा. ती गेली तर घर ओकंबोकं होईल हे त्याला ठाऊक होतं. पण ती सुखरूप तरी असेल.

"आई," तो म्हणाला, "तुझी मर्जी."

आईने कप खाली ठेवला. उभ्या आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, राहायला जागा तर नाहीच नाही. 'तुझी मर्जी' ह्याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. पोटच्या पोराला 'राहा' एवढा शब्द उच्चारता येऊ नये ह्याचं तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती ताठ व्हायची.

"मर्जीच ना? मग जाते. उद्या सकाळी निघू. ताई, माझी बॅग भर, मला एका हाताने जमत नाही."

दादाने ताईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. डॉक्टरीण उठली, बूट चढवले आणि गाई बघायला निघून गेली. दार जरा जोरात लागलं. पण इथे दारं वाऱ्यानेही जोरात लागतात.

दुपारी दादा गाडी घेऊन खिंडीत गेला. सोसायटीच्या कमिटीची फोनवर मीटिंग होती, विषय गच्चीवर वाळत टाकल्या जाणाऱ्या गाद्या. ठरावीक दगडावर एका पायावर उभं राहून त्याने गाद्यांवर बंदी आणली आणि तृप्त मनाने परत निघाला. तेव्हा त्याला फाटक दिसलं.

ते जातानाही उघडंच होतं, पण तेव्हा डोक्यात गाद्या होत्या. आता बघतो तो काय, सताड उघडं. आजूबाजूला माणूस नाही, वॉचमन नाही, काही नाही. काल पोचल्यावर धाकट्याने इथल्या चार गोष्टी सांगताना पहिली हीच सांगितली होती. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. लावलेलं असेल तर लाव, उघडं असेल तर उघडं सोड. पण तेव्हा दादा खाली वाकून सायलेन्सरची जागा बघत होता आणि नुसता 'हो, हो' म्हणाला होता. ज्या माणसाने 'कृपया गेट बंद करावे' ही पाटी आयुष्यात चार वेळा नव्याने रंगवून घेतली, त्याच्या हाताला उघडं फाटक सोडणं शक्यच नव्हतं. त्याने ते ओढून लावलं. कडी सैल वाटली. गाडीच्या डिकीत सोसायटीच्या गच्चीसाठी आणलेलं नवं कोरं कुलूप होतं, ते त्याने कडीला ठोकलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि धाकट्याला सुरक्षेविषयी दोन शब्द सांगायचे असं ठरवून खाली आला. घरी आल्यावर बॅगेत काय भरायचं आणि काय ठेवायचं ह्यावरून आई आणि ताईची जुंपली होती. दोन शब्द राहून गेले.

संध्याकाळी वारा वाढला. आई सेटसमोर बसली. आपली शेवटची हजेरी आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दादा, ताई आणि धाकटा शेकोटीपाशी होते. डॉक्टरीण नुकतीच परतून हात धूत होती, कोपरापर्यंत.

"गिरणी?"

"गिरणी ठीक. पट्टा तुटलाय, धाकट्याला पाठवा."

"मधवाला?"

"ठीक. एक माशी चावली."

"इतक्या माशांत एकच? नशीबवान आहात. पूल?"

"पूल ठीक."

"मेंढीवाली?"

सेट खरखरला. मेंढीवाली बाई एकटी राहायची, गुडघ्याने अधू होती आणि शब्द जपून वापरायची. "मेंढ्या उतरल्या नाहीत," ती म्हणाली.

डॉक्टरणीने नळ बंद केला. "अजून?"

"एव्हाना त्या गोठ्यात असतात," धाकटा पुटपुटला. "दिवस मावळायच्या आत खिंडीतून आपापल्या खाली येतात. आज हा वारा. वर आडोसा म्हणून काही नाही."

"लांडगा?" आईने सेटवर विचारलं.

"लांडगा असता तर सैरावैरा आल्या असत्या. एकही नाही."

"फाटक?"

"सकाळी मीच उघडं ठेवून आले."

दादाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खिशातला किल्ल्यांचा जुडगा एकदम किलोभर वजनाचा वाटायला लागला. वाऱ्याने लागलं असेल, असं म्हणता येईल. वाऱ्याने फाटक लागू शकतं. वाऱ्याने कुलूप लागू शकतं का, ह्याचा त्याने क्षणभर प्रामाणिकपणे विचार केला.

आईने मान वळवली नाही. दुपारी खिंडीत कोण गेलं होतं हे तिला चांगलं माहीत होतं. पण ट्रंक कॉल जोडणारी बाई लाइन मधेच तोडत नाही. "आज खिंडीत कोण गेलं होतं? गिरणी?"

"नाही."

"मधवाला?"

"नाही."

"पूल?"

"नाही हो. सायकल घेऊन कुठे चढू?"

"राहिलं आमचं घर," आई म्हणाली, आणि वायरीच्या टोकाचा माइक तिने हात लांब करून दादापुढे धरला. "बटण दाबून धर आणि बोल."

दादाने बटण दाबलं. सगळ्या डोंगरातली घरं कान टवकारून बसल्याचं त्याला जाणवलं. इतक्या वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. चूक नेहमी तिसऱ्या मजल्यावरच्यांची असायची. त्याने घसा खाकरला.

"सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, खिंडीतील फाटक बंद करण्यात आलेले आहे."

"कोणी केलेलं आहे?" आईने विचारलं.

"माझ्याकडून करण्यात आलेलं आहे."

"आणि?"

"आणि त्यास कुलूप लावण्यात आलेलं आहे."

मग मधवाला, अगदी खरोखरच्या कुतूहलाने: "फाटकाला कुलूप?"

"कशाला?" गिरणी म्हणाली.

"हाक मारल्याशिवाय बोलायचं नाही," आईने सगळ्यांना गप्प केलं. "मेंढीवाली, दारात उभ्या राहा. जीप येते आहे."

जीप डॉक्टरीण चालवत होती. शेजारी मेंढीवाली, मागे धाकटा आणि दादा, दोघांच्या मधे उबेसाठी घोंगड्या. रस्ता म्हणजे दगडांनी आपसात केलेली तडजोड होती. वाऱ्याने जीप अंगाने सरकत होती आणि डॉक्टरीण चाक घट्ट धरून नेहमीसारखी वळणं मोजत होती. रोज ह्या वळणांवर ती एकटी असायची. पहिल्या वर्षी ती गाडी थांबवून रडायची आणि घरी जाऊन साबणावरून भांडायची. मग सेट खरखरायचा आणि म्हातारी विचारायची, "जीप? कुठपर्यंत?" उत्तर द्यावं लागायचं, म्हणून गाडी पुढे न्यावी लागायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी टेबलाशी सांगायचं होतं. पण तिथे तिघं सख्खी पोरं बसलेली, आणि आपण सून. त्यात आपल्याला गोड बोलायची सवय नाही. अंडं सोलून झालं आणि वेळ निघून गेली.

फाटकाशी दिवे पडले तेव्हा गजांमागे नुसते डोळेच डोळे चमकले. सगळा कळप फाटकाला चिकटून दाटीवाटीने उभा होता. पाठीवर वारा, पुढे कुलूप. ओरडणंसुद्धा बंद झालं होतं.

दादाने जुडगा काढला. "ही गच्चीची जुनी... ही मीटरची... ही पंपाची..." एकेक किल्ली तो कुलपात घालून बघत होता.

"नवी, चकचकीत असेल ती बघ ना," धाकटा म्हणाला.

"सगळ्या चकचकीत आहेत! मी तेल लावतो!"

मेंढीवालीने टॉर्च धरला. शेवटी किल्ली लागली, कुलूप उघडलं, आणि कुणी फाटक ओढायच्या आत मेंढ्यांनीच ते ढकललं. दादा फाटकाच्या आणि खांबाच्या मधे सापडला. कळप त्याच्या पायांवरून, बुटांवरून, एक थोराड एडका तर सरळ पोटाला ढुशी देऊन निघून गेला. सगळ्यात शेवटी एक कोकरू उरलं, ते उठेना. डॉक्टरणीने त्याला चाचपलं, उचललं आणि दादाच्या कोटाची बटणं काढून आत कोंबलं.

"हे... हे ओलं आहे," दादा म्हणाला.

"असणारच. जगेल. घट्ट धरा."

दादाने धरलं. कोकराचं काळीज त्याच्या शर्टापाशी धडधडत होतं, आणि त्याला एकदम फार लाज वाटली. मफलर, सायलेन्सर, गाद्या, सगळ्याचीच. त्याने मेंढीवालीपुढे कुलूप धरलं. "माझी चूक झाली. हे... हे तुम्ही ठेवून घ्या."

तिने कुलूप हातात घेऊन वजन पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली आणि परत दिलं. "पण कशाला लावू?" आणि काठी टेकत कळपामागे उतरू लागली.

दादाचा मोकळा हात आपोआप फाटकाकडे गेला.

"दादा," डॉक्टरीण म्हणाली.

त्याने हात काढून घेतला.

खाली घरात सेट नुसता चरचरत होता. छपरावरच्या एरियलच्या खांबाची तार वाऱ्याने सैल झाली होती. ताई बॅगेपाशी बसली होती. तिने वर पाहिलं तेव्हा आई दाराशी शिडी ओढत होती.

"आई! काय करतेस?"

"काही नाही. वरचा खांब सरळ करते. जीपचा आवाज येत नाहीये."

"ह्या हाताने?"

"मागच्या वेळी तर दोन्ही होते."

ताई जागच्या जागी थांबली. "मागच्या वेळी म्हणजे? धाकटा तर म्हणाला, अंगणात घसरलीस."

"पडले ते अंगणातच की," आई म्हणाली. "शेवटची पायरी आली असं वाटलं. आली नव्हती."

"आई, तू ह्या वयात छपरावर चढलीस?"

"हजेरीची वेळ झाली होती. माझा आवाज आला नाही, तर सगळी घरं इकडे धावत सुटली, अर्ध्या वाटेत भेटली एकमेकांना. मेंढीवाली लंगडत आली. मधवाला म्हणे मी उचलतो, गिरणीवाला म्हणे मी उचलतो. मी खाली पडलेली आणि हे दोघं भांडताहेत. मेलं, तरुणपणी कुणी भांडलं नाही माझ्यासाठी." तिने शिडीला हात घातला. "सरक."

ताईने आईला बाजूला केलं. आपण काय करतोय हे कळायच्या आत मुख्याध्यापिका साडी खोचून शिडी चढली, छपरावर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी खांब कवटाळून ताठ धरला. वाऱ्याने तिचा अंबाडा सुटला. एका मुलीने जरी ह्या अवस्थेत पाहिलं असतं तर शाळेत पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. पण खालच्या खिडकीतून चरचर थांबली आणि शब्द येऊ लागले.

"जीप? बोला."

"फाटक उघडण्यात आलेलं आहे," दादाचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, वेगळ्याच सुरात: "उघडलं, आई. सगळ्या उतरल्या. एक माझ्या कोटात आहे."

"बरं झालं," आई म्हणाली. "आता सगळी घरं ऐकताहेत, तर विचारून घेते. उद्यापासून हजेरी कोण घेणार ते ठरवून सांगा. मी सकाळी निघते आहे. लोक वाट बघतील."

ताईला वरून खिंडीतले जीपचे दिवे दिसत होते, न हलणारे. मग धाकट्याचा आवाज: "आई, तुझी म—"

खरखर झाली. माइक हिसकावल्यासारखी.

"मर्जीबिर्जी कुणी विचारत नाहीये," डॉक्टरणीचा आवाज आला. "मी सांगते आहे. तुम्ही राहा. मला ह्या रस्त्यावर भीती वाटते. रोज वाटते. तुम्ही 'जीप?' म्हणालात की वाटत नाही. साबण कुठलाही आणा. राहा."

छपरावर ताईने खांब आणखी घट्ट धरला. सकाळपासून आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं ते तिला आठवलं. खाली बटणाचा टक आवाज झाला.

"नीट ऐकू आलं नाही," आई म्हणाली. "परत बोल."

"अगं, मी सरळ धरलाय खांब!" ताई वरून ओरडली. "मला इथवर ऐकू आलं!"

"तू गप्प बस आणि धर."

ताईने गप्प बसून धरला.

"राहा म्हणाले!" डॉक्टरीण आता खिंडीतून ओरडतच होती. "राहा! राहा!"

"गिरणीला ऐकू आलं," एक आवाज आला.

"मधवाल्याला आलं."

"पुलालापण आलं. त्यांना म्हणावं, सावकाश बोला, सेट फाटेल."

"हाक मारल्याशिवाय बोलायचं नाही, कितीदा सांगितलं," आई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता, तो तिने खाकरून कोरडा केला. "आलं ऐकू. जीप, सावकाश या. धाकट्या, घरी आलास की तुझ्याकडे बघते मी. हजेरी संपली."

सेट बंद झाला. खिंडीतले दिवे हलले आणि हळूहळू वळण उतरू लागले. ताई तशीच खांबाला बिलगून बसून राहिली. सोडायचा की नाही ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"उतर आता," आई खिडकीतून मान काढून म्हणाली. "सांभाळून. शेवटून एक पायरी फसवी आहे. आणि खाली आलीस की आधी बॅग उघड. माझी शाल आहे त्यात, मघापासून कुडकुडतेय."

"सगळी उघडू?" ताईने विचारलं.

"सगळी," आई म्हणाली.